लहान मुलांसह युरोपात गाडीनं भटकंती: पहिल्या खेपेची तयारी

नोकरीनिमित्त युरोपात आलेल्या कुटुंबाचं पहिलं वर्ष घर, शाळा, डॉक्टर आणि सरकारी कार्यालयांच्या चकरांत जातं. मग गाडी येते, आणि एका संध्याकाळी कुणीतरी नकाशा उघडून म्हणतं, "अरे, इटली तर इथून नऊ तासांवर आहे!" ते नऊ तास दोन मोठ्या माणसांचे असतात. मागच्या सीटवर तीन आणि सहा वर्षांची मुलं असतील तर त्याचे सहज तेरा होतात, आणि तेरा तास गाडीत बसणारी मुलं अजून जन्माला यायची आहेत. हा लेख अशा पहिल्यावहिल्या सहलीसाठी आहे. उदाहरणं बरीचशी जर्मनीतली आहेत, पण क्रम कुठल्याही शेंगेन देशात (आपसांतल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) राहणाऱ्यांना लागू पडेल.

कागद आधी, हॉटेल नंतर

शेंगेन देशाचं वैध रेसिडन्स परमिट आणि वैध पासपोर्ट असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत तिथं राहता येतं. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आला. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. त्यामुळे कॅलेला गाडी रेल्वेवर चढवून पस्तीस मिनिटांत समुद्राखालून इंग्लंड गाठायची हौस असेल तर आधी व्हिसा काढावा लागेल.

प्रत्येक मुलाचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचं परमिट हवं. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि आपला दहा वर्षांचा असल्यामुळे त्यांची मुदत नेमकी नजरेतून सुटते. बाळ इथंच जन्मलं असेल तर जन्मदाखला, मग भारतीय दूतावासाकडून पासपोर्ट आणि त्यानंतर परमिट, असा क्रम आहे. यात काही महिने जाऊ शकतात, म्हणून तोवर न परतवता येणारं बुकिंग करू नका. परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज टाकलाय आणि हातात नुसता तात्पुरता कागद आहे (जर्मनीत त्याला फिक्शन्सबेशायनिगुंग म्हणतात), अशा वेळी परदेशी नागरिक कार्यालयाला विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नये.

"सीमेवर कोण विचारतंय?" असं जुनी मंडळी सांगतात. आता विचारतात. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्व जमिनीवरच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली, आणि इतर देशही अधूनमधून करतात. पासपोर्ट आणि परमिट डिकीतल्या बॅगेच्या तळाशी ठेवू नका, पुढच्या कप्प्यात ठेवा. आई किंवा बाबा एकटेच मुलांना घेऊन निघाले असतील तर दुसऱ्या पालकाचं सहीचं संमतीपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जवळ असू द्या. आईचं आडनाव वेगळं असेल तर ती प्रत हवीच.

भारतातून आजी-आजोबा आले की त्यांनाही नेऊ असं ठरतं. त्यांच्या व्हिसावर किती प्रवेश आहेत ते बघा. एकच प्रवेश असेल आणि वाटेत शेंगेनबाहेरचा देश आला, तर परत आत यायची सोय उरत नाही. दुसरी अडचण जागेची आहे. पाच जणांच्या गाडीत मागे दोन कार सीट बसवल्या की मधल्या फटीत आजींनी तासभर बसणंही शिक्षा आहे. सहा-सात जणांची गाडी भाड्यानं घ्या, नाहीतर त्यांना ट्रेननं मुक्कामी बोलवा.

मुलं शाळेत जाऊ लागली असतील तर सुट्ट्यांच्या तारखाही कागदपत्रांतच धरा. जर्मनीत शाळा सक्तीची आहे. सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी स्वस्तात निघून जाणाऱ्या पालकांना दंड होऊ शकतो.

लायसन्स, गाडी, विमा

जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय लायसन्स सहा महिने चालतं, त्यानंतर तिथलं काढावं लागतं. इतर देशांत मुदत वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय परवाना काढून ही मुदत वाढत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. एकदा युरोपीय संघातलं लायसन्स मिळालं की ते सगळ्या संघात चालतं.

गाडी भाड्याची असेल तर कुठल्या देशांत जाणार हे बुकिंग करतानाच कळवा. काही कंपन्या काही देशांत गाडी नेऊ देत नाहीत किंवा वेगळे पैसे घेतात. डिपॉझिटसाठी बहुधा चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. स्वतःची गाडी असेल तर रस्त्यात बिघाड झाल्यावर मदत करणारं सभासदत्व घ्या. जर्मनीत त्यासाठी १९०३ साली स्थापन झालेली एडीएसी (ADAC) ही संस्था सगळ्यांना ठाऊक आहे. सभासदत्व परदेशातही लागू होतं की नाही, एवढं वाचून मग सही करा.

आरोग्य विम्याची एक मेख भारतीय पासपोर्टवाल्यांना सहसा कुणी सांगत नाही. सरकारी विम्याच्या कार्डामागे युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेलं असतं, आणि त्यावर दुसऱ्या देशातल्या सरकारी व्यवस्थेत उपचार मिळतात. मात्र संघाबाहेरच्या नागरिकांना ते डेन्मार्क, आइसलंड, लिश्टेनश्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड इथं वापरता येत नाही. म्हणजे जर्मन शेजाऱ्याचं कार्ड स्वित्झर्लंडमध्ये चालेल, तुमचं नाही. पाय मुरगळलेल्या मुलाला घेऊन स्विस दवाखान्यात हे कळण्यापेक्षा आधीच वेगळा प्रवासी आरोग्य विमा काढा. संपूर्ण कुटुंबाचा वार्षिक विमा मिळतो.

कार सीट

भारतातून आणलेली सीट असेल तर तिच्यावरचं लेबल बघा. गोलात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा, सोबत आर ४४ किंवा आर १२९ हा नियम क्रमांक, असं युरोपीय मान्यतेचं चिन्ह नसेल तर ती सीट इथं बेकायदा आहे. आर १२९ म्हणजेच आय-साइझ. त्यात मूल किमान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत तोंड मागं करूनच बसवायचं असतं. मागे तोंड असलेली सीट पुढं, एअरबॅग चालू ठेवून, कधीही लावायची नाही.

कुठल्या वयापर्यंत सीट लागते हे देशागणिक बदलतं. जर्मनीत बारा वर्षं किंवा १५० सेंमी, यांतलं जे आधी होईल ते. ऑस्ट्रियात चौदा वर्षांखालच्या आणि १३५ सेंमीपेक्षा बुटक्या मुलांना, फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्यांना, तर इटलीत १५० सेंमीपर्यंत. वाटेतल्या देशांतला सगळ्यात कडक नियम पाळला की डोक्याला ताप राहत नाही. आणि शक्य असेल तर आपलीच सीट न्या. भाड्याची सीट महाग पडते, आणि तिचे पट्टे मुलाच्या खांद्याला जुळवत रात्री विमानतळाच्या पार्किंगमध्ये ओणवं उभं राहावं लागतं.

अंतर तासांत नाही, मुलांत मोजा

इथं जरा थांबून विचार करा, कारण सहल बिघडते ती बहुतेक इथंच.

नॅव्हिगेशन जो वेळ सांगतं त्याला दीडनं गुणा. हा झाला मुलांसह लागणारा वेळ. पाच वर्षांखालचं मूल असेल तर गुणाकार करून आलेला आकडा दिवसाला चार-साडेचार तासांच्या वर जाऊ देऊ नका. दर दोन तासांनी थांबायचंच. तान्ह्या बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त कार सीटमध्ये अर्धवट बसतं ठेवू नये, त्याला काढून सपाट झोपवायला हवं. एका मुक्कामी किमान दोन रात्री काढा. रोज नवं हॉटेल म्हणजे रोज सामान बांधणं, आणि मुलांना तर रोज नवी, अनोळखी अंधारी खोली.

निघण्याची वेळ मुलांच्या झोपेवर बेता. दुपारी झोपणारं मूल असेल तर जेवून लगेच निघा. पहिला दीड तास शांततेत जातो आणि सगळ्यात लांबचा टप्पा तोच ठेवायचा. पहाटे चारला झोपलेली मुलं उचलून गाडीत टाकण्याची टूम बऱ्याच घरांत चालते. मला ती पटत नाही. मुलं झोपतात खरी, पण सकाळी अकराला मुक्कामी पोचल्यावर ती ताजीतवानी असतात, चालकाचे डोळे मिटत असतात आणि खोलीची किल्ली तीनशिवाय मिळत नाही.

वारही महत्त्वाचा. सुट्टीतली घरं शनिवार ते शनिवार भाड्यानं जातात, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या शनिवारी रस्ते तुंबतात. आल्प्सखालून इटलीकडे जाणारा १६.९ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा ईस्टर आणि उन्हाळ्यात रांगांसाठी बदनाम आहे. फ्रान्समध्ये बिझों फ्यूते ही सरकारी सेवा प्रत्येक दिवसाला गर्दीनुसार हिरवा, केशरी, लाल किंवा काळा रंग देते. काळ्या दिवशी घरी बसा. उलट जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी असते, म्हणून मुलांसह निघायला रविवार उत्तम. फक्त त्या दिवशी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध, पाव, डायपर शनिवारीच भरून ठेवा.

पहिली सहल कुठं करावी असं विचारलंत तर माझं उत्तर ठरलेलं आहे: बोडेन्सेचं तळं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड तिन्ही देश त्याच्या काठावर आहेत आणि कुठलाच टप्पा मोठा नाही. श्टुटगार्टहून ए ८१ या मोटरवेनं दोन-सव्वादोन तासांत मेअर्सबुर्ग येतं. तिथं दोन-तीन रात्री राहा. मेअर्सबुर्ग ते कॉन्स्टान्झ ही गाड्यांची फेरीबोट १९२८ पासून चालते. पंधरा मिनिटांचाच प्रवास, पण मुलं गाडीतून उतरून कठड्याशी जाऊ शकतात. प्रवासाचा प्रवास आणि थांब्याचा थांबा. पलीकडे मायनाउ हे बागांचं बेट आहे, मुलांना खेळायला पाणी आणि हिरवळ दोन्ही. एक दिवस तळ्याच्या काठाकाठानं श्टाइन आम ऱ्हाइनवरून ऱ्हाइनच्या धबधब्याला जा. दीडशे मीटर रुंद आणि तेवीस मीटर उंच, इतक्या जवळून की धाकट्याला तुषार अंगावर घेता येतात. हे स्वित्झर्लंड आहे, म्हणून वरचा आरोग्य विमा लक्षात असू द्या. साध्या रस्त्यानं गेलात तर मोटरवेचा पास लागत नाही.

परतताना लिंडाउला उतरा. पलीकडे ऑस्ट्रियातलं ब्रेगेन्झ आहे. केबल कारनं फेंडर डोंगरावर गेलं की वर छोटं वन्यप्राणी उद्यान आहे. तिथून ए ९६ आणि ए ७ नं ग्युन्त्सबुर्गचं लेगोलँड साधारण दीड तासावर. ते हिवाळ्यात बंद असतं, तारखा बघून जा. लेगोलँडहून ए ८ नं श्टुटगार्ट सव्वा तास. पाच-सहा दिवसांत तीन देश होतात, आणि गाडीत कुणी रडलंच तर पुढचा मुक्काम फार लांब नसतो.

इथं फोनची एक गंमत आहे. युरोपीय संघात जून २०१७ पासून रोमिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. स्वित्झर्लंड त्यात नाही. काही कंपन्या आपणहून देतात, सगळ्या देत नाहीत. बोडेन्सेच्या जर्मन काठावर उभं असतानाही फोन पलीकडचं स्विस नेटवर्क पकडतो आणि मागं बसलेल्या मुलाचं कार्टून तुमच्या बिलावर चालतं. डेटा रोमिंग बंद करा, नकाशे आणि कार्टून घरीच उतरवून घ्या.

टोल आणि पास

जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया, चेक प्रजासत्ताक, हंगेरी या देशांत मोटरवेसाठी विन्येट नावाचा पास लागतो. ऑस्ट्रियात एक दिवस, दहा दिवस, दोन महिने किंवा वर्षाचा मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये फक्त वर्षाचा, ४० फ्रँकला. आता डिजिटल पास गाडीच्या नंबरावर निघतो. नंबराचं एक अक्षर चुकलं तरी पास नसल्यातच जमा, तेव्हा दोनदा वाचा. घ्यायचा तो अधिकृत ठिकाणाहूनच (ऑस्ट्रियाचा आसफिनागकडून), कारण शोधात वर दिसणारे मध्यस्थ वरचे पैसे घेतात. ब्रेनरसारख्या काही घाटरस्त्यांना पासशिवाय वेगळा टोल आहे. उलट ब्रेगेन्झजवळ जर्मन सीमेपासून होहेनेम्सपर्यंतच्या ए १४ ला पास लागत नाही.

फ्रान्स आणि इटलीत बहुतेक ठिकाणी अंतरानुसार नाक्यावर पैसे. इटलीत पिवळ्या टेलिपास रांगेत शिरू नका, ती उपकरण बसवलेल्या गाड्यांची.

गाडीत काय

चमकतं जॅकेट, त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी. जॅकेटं माणशी एक, मुलांचीही, आणि ती डिकीत नव्हे तर हाताशी ठेवा. बिघाड झाल्यावर गाडीतून उतरायच्या आधी घालायची असतात. हिवाळ्यात टायरचे नियम देशोदेशी वेगळे, ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ स्थितीत हिवाळी टायर लागतात.

बाकी सामान काहीही असो, एक पिशवी पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी असायलाच हवी. तिच्यात प्रत्येक मुलाचा एक पूर्ण कपड्यांचा जोड वेगवेगळ्या झिपच्या पिशवीत, ओले टिश्यू, कागदी नॅपकिनचा गठ्ठा, एक जुना टॉवेल, कचऱ्याच्या पिशव्या आणि झाकणाचा प्लास्टिकचा डबा. हा डबा उलटीसाठी. "आई, पोटात कसंतरी होतंय" आणि प्रत्यक्ष घटना यांत साधारण सात सेकंद मिळतात, तेवढ्यात झाकण काढून मागं देता आलं पाहिजे. मळलेले कपडे त्याच झिपच्या पिशवीत बंद होतात आणि वास गाडीत फिरत नाही. वळणाच्या रस्त्यावर टॅब्लेट आणि चित्रांची पुस्तकं काढून घ्या, गाणी आणि गोष्टी ऐकवा. नेहमी उलटी होणाऱ्या मुलासाठी औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्या. आणि इटलीतला श्टेल्वियो घाट, त्याच्या एकाच बाजूला अठ्ठेचाळीस तीव्र वळणं, मुलं मोठी होईपर्यंत तिथंच राहील.

खाण्यात चुरा न होणारं आणि हात न चिकटणारं काहीही. दशम्या, धपाटे, सुकामेवा, काकडी. चॉकलेट उन्हाळ्यात सीटला लागतं आणि मग निघत नाही.

रस्त्यावर

थांबण्याचा क्रम ठरवून घ्या: आधी शू, मग पळापळी, मग खाणं, शेवटी पुन्हा शू. खाणं आधी झालं की मुलं भरल्या पोटी पळतात आणि वळणावर डबा लागतो. वीस मिनिटं पुरे. फ्रान्समधले एर नावाचे थांबे यासाठी फार छान, झाडं, बाकं, बऱ्याच ठिकाणी घसरगुंडी आणि फुकट स्वच्छतागृह. जर्मनीत पेट्रोल पंपाजवळच्या मोठ्या थांब्यांवर सॅनिफेअरची पैसे घेणारी स्वच्छतागृहं असतात. मोबदल्यात दुकानात वापरायचं कूपन मिळतं, आणि लहान मुलांना बाजूच्या छोट्या दारातून फुकट जाता येतं. तेल मात्र मोटरवेवर भरू नका. बाहेर पडून दोन-तीन किलोमीटरवरच्या पंपावर ते बरंच स्वस्त असतं. इटलीत त्याच पंपावर सेर्वितो म्हणजे माणूस भरून देणार आणि महाग. आपण भरायचा नळ वेगळा.

वेगमर्यादा: फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटलीत मोटरवेवर १३०, फ्रान्स आणि इटलीत पावसात ११०, स्वित्झर्लंडमध्ये १२०, नेदरलँड्समध्ये दिवसा बहुतेक ठिकाणी १००. कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारी अॅप जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडमध्ये गाडी चालवताना वापरायला मनाई आहे.

जर्मनी-ऑस्ट्रियात वाहतूक रेंगाळायला लागली की रुग्णवाहिकेसाठी मधून वाट सोडायची. सगळ्यात डावीकडची रांग डावीकडे सरकते, बाकी सगळ्या उजवीकडे. भोंगा ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. मदतीचा नंबर सगळीकडे ११२. जर्मनीत रात्री किंवा रविवारी ताप चढला पण जिवावरचं नसलं तर ११६११७ वर डॉक्टर मिळतो.

मुक्काम

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. जर्मनीत फेरिएनवोनुंग, इटलीत अॅग्रितुरिझ्मो. दिवसभर पाव-चीज खाल्लेल्या मुलांना रात्री ऊन-ऊन मेतकूट-भात मिळाला की दुसरा दिवस सुरळीत जातो, म्हणून छोटा कुकर आणि तांदूळ गाडीत असू द्या. बुकिंग करताना मुलांची खरी वयं टाका, नाहीतर दारात "चौथ्याला पलंग नाही" ऐकावं लागतं. पाळणा हवा असेल तर निरोप पाठवून लेखी होकार घ्या.

इटलीत शहराच्या जुन्या भागात घर घेतलंत तर झेडटीएल तपासा. फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या, रोम अशा शहरांत मध्यभागी ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. लाल कड्याचं पांढरं वर्तुळ आणि त्याखाली पाटी. 'वार्को आत्तिवो' उजळलेलं असेल तर कॅमेरा चालू आहे, आत जाऊ नका. नॅव्हिगेशन नेहमी सांगेलच असं नाही. घर आतच असेल तर मालकाला गाडीचा नंबर आधी कळवून परवानगी काढायला सांगा, नाहीतर गाडी बाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवून सामानासह चालत जा.

परतल्यावर

फोटो लावून झाले, कपडे धुऊन झाले, तरी सहल संपलेली नसते. परदेशी दंड घरच्या पत्त्यावर काही महिन्यांनी येतो. इटलीतून तर जवळपास वर्षभरानंही. पाकीट टाकून देऊ नका. इटलीत नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर बऱ्याच दंडांवर तीस टक्के सूट असते. गाडी भाड्याची असेल तर दंडाआधीच कार्डावरून काही रक्कम कापली गेलेली दिसेल. तो दंड नव्हे, कंपनीनं तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचं शुल्क आहे. मूळ दंड वेगळा येतो, आणि तोही भरायचा असतो.